सतराशे साठ नंबरची पाणबुडी

लढाईच्या काळात मी सव्वादोन वर्षं एक जर्मन पाणबुडी चालवली, आणि तीही भोंगवलीत बसून. मला पोहता येत नाही. जर्मन भाषेचा गंध नाही. समुद्र मी पाहिला होता तो शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात, आणि त्या नकाशातलाही निम्मा अरबी समुद्र वाळवीनं खाल्लेला. तरी माझ्या पाणबुडीनं इंग्रजांच्या आरमाराला दाद दिली नाही. खऱ्या पाणबुड्या पटापट बुडाल्या, माझी मात्र काही केल्या बुडेना. शेवटी ती कुणी बुडवली, ते सांगायचं आहे.

मी रखमाजी मास्तर. चौथीपर्यंतची शाळा माझ्या ताब्यात होती आणि शाळेच्याच कोपऱ्यात पोस्टाची पेटी, शिक्का न् लाखेची कांडी. म्हणजे गावाला अक्कल आणि गावाची पत्रं, दोन्ही वाटायचं काम माझ्याकडं. पैकी पत्रं तेवढी लोक घ्यायचे. स्वभाव माझा तापट. पोरं पाठीमागं मला 'तवा' म्हणायची, आणि मला ते ऐकू येत नाही असं त्यांना वाटायचं.

ठकुबाईचा भिमा माझाच विद्यार्थी. चौथीत दोन वर्षं काढली, पण पोरगा कामाला वाघ. लग्नाला तीन महिने होतात न होतात तोच मुंबईच्या गोदीत गेला. तिथं बोटीवर माणसं घेत होते, बॉयलरमध्ये कोळसा टाकायला. चांगल्या वर्तणुकीचा दाखला पाहिजे म्हणून तो माझ्याकडं आला. मी दिला. वर आपल्या मनानं एक वाक्य जास्तीचं घातलं: 'उमेदवारास पाण्याची सवय आहे.' भिमाची पाण्याची सवय म्हणजे काय, तर चांद्या नावाच्या बैलाची शेपटी धरून नीरा ओलांडायची, आणि भाटघरचं धरण एकदा काठावरून बघितलेलं. पण इंग्रजीत वाक्य झकास जमलं होतं, खोडवेना. ही माझी पहिली थाप. पाणबुडी दुसरी.

१९४३च्या फाल्गुनात बोट कंपनीचं पत्र आलं. जाड कागद, वर नांगराचं चित्र. मी लखोटा फोडतोय तोवर ठकुबाई दारात हजर. हळद कुटता कुटता तशीच उठून आलेली, कोपरापर्यंत हात पिवळे. तिच्यामागं पदर पुढं ओढून सून, फुलाबाई. वय असेल अठरा. ठकुबाईनं माझ्या हातातला कागद ओढून घेतला, उलटा धरून बघितला आणि परत दिला.

"काय म्हनतोय कागद?"

कागद म्हणत होता की शत्रूच्या पाणबुडीनं बोट बुडवली, भिमाचा तपास लागलेला नाही, तो मरण पावला असं समजावं, कंपनीला खेद आहे. सगळं मिळून चार ओळी.

"बोट बुडाली," मी म्हणालो.

"आन भिमा? त्याला तर पवाया येत न्हाई."

गावच्या पाटलाला तोंडावर गाढव म्हणणारा मी माणूस. पण त्या पिवळ्या हातांकडं बघून मला त्या चार ओळी वाचवेनात. पाण्याची सवय आहे, म्हणून मीच लिहून दिलेलं. त्याच आठवड्याच्या वर्तमानपत्रात एक बातमी होती: कुठल्याशा जर्मन पाणबुडीनं बुडवलेल्या बोटीचा कप्तान वर ओढून आपल्या पोटात घेतला होता. कप्तानाला घेतात तर आमच्या भिमाला का नाही?

"भिमाला पाणबुडीवाल्यांनी वर काढला," मी म्हणालो. "त्यांच्याकडंच आहे. सुखरूप आहे."

ठकुबाईनं पिवळे हात पदराला पुसले. म्हणाली, "पानबुडी म्हंजी काय वो?"

तिथून गावाचं शिक्षण सुरू झालं. मी घंगाळात पाणी भरलं आणि तांब्या उपडा घालून, तिरका करून, हवा सोडून, बुडवून, वर काढून दाखवला. शाळेची पोरं, त्यांचे बाप, आज्या, सगळी घंगाळाभोवती. एवढं लक्ष माझ्या अपूर्णांकांकडं बारा वर्षांत कुणी दिलं नव्हतं. "आन आतली मान्सं परसाकडं कुठं जात्यात?" असा प्रश्न पाटलानं विचारला. त्याचं उत्तर मला आजतागायत ठाऊक नाही, पण तेव्हा मी बेधडक दिलं.

मला वाटलं होतं, महिनाभरात म्हातारी सावरेल, मग हळूच खरं सांगू. पण पुढच्या सोमवारी टपाल आलं, आणि टपालाच्या मागोमाग ठकुबाई. "पानबुडीचा कागद आला का?" माझ्या टेबलावर जाड, इंग्रजी, चित्र असलेला असा एकच कागद होता. तोच उचलला आणि वाचायला लागलो. पुढं सव्वादोन वर्षं दर सोमवारी मी त्याच चार ओळींमधून नवी नवी पत्रं वाचली. असं काटकसरीचं वाचन दुसऱ्या कुणी केलं असेल असं वाटत नाही.

पाणबुडीला नंबर पाहिजे होता. फळ्यावर 'एक मैल म्हणजे सतराशे साठ वार' असं लिहिलेलं होतं, म्हणून ती सतराशे साठ नंबरची झाली. कप्तानाला नाव पाहिजे होतं. हिटलर सोडला तर मला एकच जर्मन नाव माहीत होतं, आमच्या भजनी मंडळाच्या बाजाच्या पेटीत जर्मन सुरांच्या पितळी पट्ट्यांवर कोरलेलं, हेरमान. ठकुबाईनं त्याचा लगेच हिरामण केला. हिरामण कप्तान! एकदा नाव ओळखीचं झाल्यावर तो गावातलाच माणूस झाला. 'हिरामण लग्नाचा हाय का?' इथपासून 'हिरामणाला म्हनावं, भिमाला रातचं दही दिऊ नगं, खोकतो' इथपर्यंत.

आता या पाणबुडीची कामगिरी थोडक्यात सांगतो. ती मादागास्करकडून निघाली. मादागास्करच का, तर तो वाळवीनं सोडला होता. वाळवी जिथं जिथं पोचली, तिथं माझी पाणबुडी कधीच गेली नाही. पावसाळ्यात ती मुक्कामाला राहिली, कारण पावसाळ्यात कुणी उगाच बाहेर पडत नाही हे गावाला पटण्यासारखं होतं. दिवाळीत वर आली, भिमानं आंघोळ केली. सेहेचाळीस दिवस पाण्याखाली राहून तिनं विक्रम केला. इंग्रजांची एकही बोट तिनं बुडवली नाही. ठकुबाईची सक्त ताकीद होती, की त्या बोटींवरबी कुनाची पोरं असत्यात. कप्तान नुसता समोरच्या बोटीला घाबरवायचा आणि सोडून द्यायचा. असल्या कप्तानाला बर्लिननं कधीच फाशी दिली असती, पण आमच्या शाळेत त्याला फार मान होता.

गाव पाणबुडीच्या बाजूनं झालं. आकाशात इंग्रजांचं विमान दिसलं की बाया शिव्या द्यायच्या. इंग्रज हरावा की जर्मन, याचं कुणाला पडलं नव्हतं. आपला भिमा आत आहे, एवढं पुरे.

माझी चोरी पहिल्यांदा पकडली भोरच्या मन्सूरनं. मन्सूर मण्यार. गावोगाव बांगड्या भरत हिंडायचा, पण त्याआधी सात वर्षं तो बोटीवर आगवाला होता, म्हणजे भिमासारखाच बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. त्यानं एका सोमवारी मागं बसून सगळं ऐकलं आणि लोक गेल्यावर माझ्यापुढं येऊन बसला.

"मास्तर, पानबुडीत धड बसायला जागा नसती. चाळीस मान्सं आचाराच्या बरनीतल्या फोडीवानी असत्यात. खलाशाला कोन घेतंय आत? कप्तानाला न्हेत्यात, आगवाल्याला न्हाई." मग दाढी खाजवत म्हणाला, "आन सेहेचाळीस दिस पान्याखाली? एका दिसात जीव गुदमरतो वो. तेल कवा भरलं?"

मी तापलो. "मग सांग जाऊन ठकुबाईला!"

मन्सूर जागचा हलला नाही. संक्रांतीला फुलाबाईच्या हातात त्यानंच हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, हे त्याच्याही लक्षात आलं असावं. "सोमालीलँडच्या हिकडं दुसरी पानबुडी यिऊन तेल दिती म्हनं," तो सावकाश म्हणाला. "पुढल्या कागदात त्ये घाला." तेव्हापासून मन्सूर माझा इंजिनियर झाला.

एवढं होईपर्यंत मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल करतो. एका म्हातारीचा जीव मी तगवला होता. दुसऱ्या कुणाचा काही विचार करायचा असतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

चव्वेचाळीस सालच्या हिवाळ्यात एक दिवस शाळा सुटल्यावर फुलाबाई एकटी आली. दारातच उभी राहिली. आजवर तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"मास्तर, म्या एक इचारती. खरं सांगा. म्या कुनाची वाट बघती?"

तिच्यापुढं मला थाप सुचली नाही. मी कागद काढला आणि पहिल्यांदा त्यावर लिहिलेलं होतं ते वाचलं. चार ओळी. ती रडली नाही. भिंतीवरच्या नकाशाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाईस्नी सांगू नगा. सोमवारसाटी जेवत्यात त्या." आणि घागर उचलून निघून गेली. पुढं दर सोमवारी ती येऊन सासूच्या मागं बसायची आणि मेलेल्या नवऱ्याच्या आंघोळी ऐकायची. मला तिच्याकडं बघवत नसे. मला माझीच लाज वाटायची.

त्यात आला सावळाराम. हा भाटघरच्या धरणावर दरवाजे उघडायला असायचा. फुलाबाईच्या माहेरगावचा, बायको तापानं गेलेली, सरळ माणूस. आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायची चाल आहे, त्यात कुणी नाक मुरडत नाही. पण नवरा पाणबुडीत दिवाळीच्या आंघोळी करत असला, तर पाट कसला लावता?

"मास्तर," सावळाराम टोपी हातात घेऊन म्हणाला, "फुला म्हनती, सासूबाईंची पानबुडी हाय तंवर म्या हलायची न्हाई. तुमी काय ते बगा."

"म्हणजे काय करू?"

"बुडवा की!"

बुडवा की, म्हणे. जणू मोरीचं बूच काढायचं होतं. पण त्याचं बरोबर होतं. पोरगी वीस वर्षांची होती, आणि माझ्या थापेला तिला जुंपून ठेवलेलं होतं. मी ठरवलं, येत्या सोमवारी पाणबुडी बुडवायची.

त्या सोमवारी विमानानं बाँब टाकला. "भिमा कुठं हुता तवा?" ठकुबाईनं विचारलं. तिनं त्या दिवशी माझ्यासाठी खरवस आणला होता, तो टेबलावर होता. मी म्हणालो, "भिमा खाली होता. बाँब वरच्यावर फुटला." पुढच्या महिन्यात पाणसुरुंगावर नेली, तर सुरुंग सर्दाळलेला निघाला. मग मन्सूरनं सांगितलेलं आफ्रिकेच्या टोकाचं भयंकर वादळ आणलं. त्यातही फक्त कप्तानाचं भांडंकुंडं वाहून गेलं. मन्सूर हसून हसून लोळला. "मास्तर, इंग्रज सरकारला पत्ता लागला तर त्ये तुमच्याकडनं शिकून घेतील," तो म्हणाला. सावळाराम हसला नाही. तो चपला घालून भाटघरला चालत गेला, आणि फुलाबाई त्या दिशेनं बघायचं टाळत राहिली.

पंचेचाळीसच्या मे महिन्यात जर्मनीनं हत्यार खाली ठेवलं. भोरला साखर वाटली. सगळ्या पाणबुड्यांनी वर येऊन पांढरी निशाणं लावावीत असा हुकूम सुटल्याचं वर्तमानपत्रात आलं. मन्सूर तेवढ्यासाठी भोरहून आला. "आता सगळ्या दर्यात एकटी तुमचीच लढतीया," तो म्हणाला.

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, एका दिवसावर आली होती. सोमवार नव्हता, तरी संध्याकाळच्या आत ठकुबाई आली. एकटी. जमिनीवर बसली.

"लिवा," ती म्हणाली. "हिरामण कप्तानाला कागद लिवा."

मी दौत पुढं ओढली.

"लिवा: हिरामणा, लढाई सपली. तू आता तुज्या आयकडं जा. लई दिस झालं, ती वाट बगत असंल. तुजी बोट बुडवून टाक. माज्या लेकाला जितं हाय तितंच ऱ्हाऊ दे."

माझ्या हातातला टाक थांबला. मी वर बघितलं. ठकुबाईनं टेबलावरचा कंपनीचा कागद उचलला आणि त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं एक पिवळा अंगठा उमटलेला होता, हळदीचा, पहिल्या दिवसाचा. सव्वादोन वर्षं तो मला दिसला नव्हता. मी मजकूर रचण्यात गुंग होतो.

"दुसऱ्याच सोमवारी वळखला," ती म्हणाली. "माजं बोट मला कळत न्हाई व्हय?"

"मग सव्वादोन वर्षं ऐकत का बसलात?" मी जवळजवळ ओरडलोच. राग कुणाचा आला होता, तेही कळेना.

"घरात त्याचं नाव काडलं की फुला उटून जायाची, म्या रडायची. हितं सोमवारी त्याचं नाव निगायचं. त्यो जेवला, त्यो न्हाला, असं कुनीतरी म्हनायचं. तेवडंच." ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "पर मास्तर, तुमी लिवनार शिकल्यालं, आन एक गोष्ट काई तुमाला सुदरली न्हाई. इतकं कागद आलं, एकदाबी त्यानं चांद्याचं इचारलं न्हाई. माजा भिमा असता तर आय मागनं, आदी बैल."

मी टाक खाली ठेवला.

"आन म्या बी पाप केलं," ती पुढं म्हणाली. "एक त्या पोरीला बांदून ठिवलं. सावळारामाला निरोप द्या, पाट मी सोता लावून दिती म्हनावं. आन दुसरं, भिमाला दोन आखित्या पानी दिलं न्हाई. त्यो जिता हाय म्हनल्यावं करा कसा भरू? समिंद्राचं पानी खारट असतंय म्हनं."

"असतं," मी म्हणालो.

"म्हंजी दोन वरसं तान्हेला हाय त्यो." ती उठली. "उद्या भिमाचा पितर म्हनून जेवाया तुमी यायचं. इतके दिस त्याच्या तोंडानं बोल्लासा. आता त्याच्या तोंडानं जेवा."

आखितीला आमच्याकडं गेलेल्या माणसांच्या नावानं मातीचे नवे करे पाण्यानं भरतात, वर आंबा ठेवतात, आणि त्यांच्या नावानं एका माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. ठकुबाईच्या घरी त्या दिवशी दोन करे होते. एक तिच्या मालकाच्या नावाचा, दर वर्षीचा. दुसरा नवा कोरा, कुंभाराच्या बोटांच्या रेघा अजून दिसणारा. मन्सूर ओसरीत बांगड्यांची पेटी घेऊन बसला होता. महिन्यानं फुलाबाईच्या हातात पाटाच्या बांगड्या त्यानंच भरल्या. सावळाराम अंगणात उभा होता, आत यायला लाजत होता. फुलाबाईनं पुरणपोळी वाढली, तूप वाढलं आणि बाजूला झाली.

मी पोळीला हात घालणार तोच ठकुबाईनं नवा करा उचलला.

"आदी पानी," ती म्हणाली.

मी ओंजळ केली. ती ओतत होती आणि मी पीत होतो. पोट भरलं तरी ती थांबेना, आणि मीही ओंजळ मोडली नाही. विहिरीचं गार पाणी, मातीचा वास असलेलं. हनुवटीवरून सदऱ्यात गेलं, सदरा भिजला. सगळा करा रिकामा झाला तेव्हा तिनं तो खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

बाहेर गोठ्यात बैलानं मान हलवली, घुंगरू वाजलं. सव्वादोन वर्षांत मी हजार थापा मारल्या होत्या. एक मारायची राहिली होती.

"आये," मी म्हणालो, "चांद्या कसा हाय?"

ठकुबाईनं पदर डोळ्यांना लावला. "बरा हाय रं बाबा," ती म्हणाली. "थकलाय जरा. पर वैरन खातोय."